नीलवंताचं कौतुक आणि पतंगाला फाशी, हा कुठला न्याय?

कुळागरवाला, फोंडा

काल एक पोस्ट सगळीकडे फिरत होती. वर तोरंजाच्या झाडावर बसलेल्या नीलवंत फुलपाखराचा फोटो, खाली टॉर्चच्या उजेडात चिरडलेल्या पतंगाचा. मजकूर: "एक निसर्गाचं लेणं, दुसरा शेतकऱ्याचा वैरी. फुलपाखरू दिसलं तर फोटो काढा, पतंग दिसला तर चपलेने मारा." त्यावर लाइकचा पाऊस पडला. नीलवंत त्या तोरंजावर कशाला आला होता, हे मात्र एकानेही विचारलं नाही. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण आज तीच पोस्ट आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर आली. म्हणून सविस्तर लिहितो.

तोरंजाच्या पानात मध नसतो. तिथे घिरट्या घालणारी ती मादी असणार आणि ती अंडी घालायला आली असणार. लिंबू, तोरंज, माकडलिंबू, किरमिरा ही एकाच कुळातली झाडं, तिच्या अळ्यांचं अन्न तेच. कोवळ्या पानावर एकेक अंडं सुटं घालते. अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे आपली नजर तिच्यावरून घसरते. मोठी झाली की हिरवीगार होते, पुढच्या अंगाला डोळ्यांसारखे ठिपके येतात. काडीने डिवचा, डोक्यामागून दुभंगलेलं तांबूस शिंग बाहेर काढते आणि असा उग्र वास सोडते की हात मागे येतो. माझ्या तोरंजाच्या कलमांची नवी पालवी या अळ्यांनी देठापर्यंत साफ केलेली मी पाहिली आहे. मोठ्या झाडाला त्याचं काही वाटत नाही, पण कलमाचं वर्ष जातं. नीलवंताच्याच गोतातलं ठिपक्याठिपक्यांचं लिंबू फुलपाखरू तर लिंबूवर्गीय पिकांच्या किडींच्या यादीत नावानिशी आहे. 2004 साली ते डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं आणि तिथल्या बागायतदारांना घोर लागला.

आता तो मेलेला पतंग. फोटो मोठा करून बघा. पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे आहेत, चिरडल्यामुळे मागचा पंख उघडा पडलाय. गर्द नारिंगी, काळी किनार, मधे काळा बाकदार डाग. हा फळांतला रस शोषणारा पतंग. याच्या सोंडेचं टोक टणक आणि काटेरी असतं, त्याने तो पिकत आलेल्या फळाची साल भोसकतो. भोक टाचणीचं, पण त्यातून बुरशी शिरते, भोवती मऊ डाग पडतो आणि फळ गळतं. नुकसान खरं आहे, नाकारत नाही. पण त्याची अळी लिंबाच्या पानाला तोंडसुद्धा लावत नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर.

म्हणजे नीलवंताचं बालपण पिकावर आणि मोठेपण फुलांवर, तर या पतंगाचं बालपण रानात आणि मोठेपण पिकावर. भाताचा खोडकिडा आणखी निराळा. त्याचा पतंग काहीच खात नाही, थोडे दिवस जगून अंडी घालून मरतो, सगळा घात अळी करते. पोस्टवाल्याने एकाचं तारुण्य आणि दुसऱ्याचा गुन्हा शेजारी ठेवून निकाल दिला. जगात फुलपाखरांच्या जाती 18,000 च्या आसपास, पतंगांच्या दीड लाखाहून जास्त. त्यातल्या पिकाला खऱ्या अर्थाने नडणाऱ्या मूठभर. पपईचं परागीभवन रात्री जे मोठे भुंग्यासारखे घोंघावणारे पतंग करतात, ते चपलेखाली आले तर पपई कुठून धरणार?

मयेचा शेतकरी

कुळागरवाले बाब, तुम्ही खोडकिड्याने येणारा गाभेमर बघितलाय का? फोटोत नव्हे, स्वतःच्या वायंगणात, हिवाळी भातात?

मी सांगतो कसा असतो. लावणी होऊन भात जोमात आलेलं असतं, शेत बघून जीव निवतो. मग मधला एखादा पोंगा पिवळा पडतो, सुकतो. चिमटीत धरून ओढला की अलगद हातात येतो, खालचं टोक कुरतडलेलं. आज बांधाजवळ, उद्या मधे, आठवड्याने सगळीकडे. त्यातून वाचलं तर लोंबी बाहेर पडताना पळींज. उभी पांढरी लोंबी, दुरून वाटतं पीक तयार झालं, हात लावला तर आत दाणाच नाही. ज्या वर्षी आमचं शेत असं गेलं, त्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. वडिलांनी बांधावर उभं राहून शेत बघितलं आणि काही न बोलता घरी गेले. दुकानदाराने जे औषध दिलं ते मारलं, उधारीवर. अळी खोडाच्या आत बसलेली, वरून मारलेलं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

तो पतंग पिवळा असतो आणि मादीच्या पुढच्या पंखावर एकच काळा ठिपका असतो. मला तो अंधारातही ओळखता येतो. त्याला मारायला मी कुणाची परवानगी घेणार नाही. दीड लाख जाती असू देत, माझ्या शेतात येणारी एक मला पुरे.

डिचोलीची माई

अगदी बरोबर. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कुळागरवाला, फोंडा

मयेकर बाब, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, ते मनापासून. पण तुम्हीच लिहिलंय त्यातून माझाच मुद्दा निघतो. तुम्ही तो पतंग ठिपक्यावरून ओळखता. पोस्टवाला काय सांगतो? कुठलाही पतंग दिसला की मारा. तुमच्यासारखी ओळख असणारा माणूस आणि सरसकट चप्पल उचलणारा माणूस एक नव्हेत.

खोडकिड्याला मारायची जागा वेगळी आहे. मादी अंड्यांचा पुंजका पानाच्या शेंड्याकडे घालते आणि वर पिवळसर लव पसरते. म्हणून लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करायचे, त्यावरची अंडी तिथेच संपतात. कापणीनंतर धसकटं नांगरून गाडायची, कारण अळी त्यात दडून बसते. युरियाचा मारा आवरायचा, लुसलुशीत भात तिला आवडतं. ट्रायकोकार्डातल्या बारीक माश्या तिच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात, हेक्टरी 1 लाख सोडायची शिफारस असते. मादीच्या वासाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त त्याच जातीचे नर येतात, दुसरं कोणी येत नाही. यातल्या एकाही उपायात चप्पल नाही.

मयेचा शेतकरी

शेंडे खुडायला माणसं कुठून आणू? मजूर मिळत नाही म्हणून अर्धं गाव पडीक आहे. ट्रायकोकार्ड वेळेवर हातात पडलं तर ना. आम्ही मागायला गेलो तेव्हा "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत आलो. अंडी घालायचा हंगाम तुमच्या पुढच्या आठवड्यासाठी थांबत नाही. मी प्रकाश सापळा लावतो. दिवा, खाली घमेलं, त्यात पाणी आणि थोडं रॉकेल. सकाळी घमेलं भरलेलं असतं. ते बघून मला समाधान वाटतं आणि त्याची मला लाज नाही.

नेत्रावळीचा भटक्या

दोघांनाही एक सांगायचंय. पोस्टमध्ये नीलवंताला "आपल्या राज्याचा मान" म्हटलं होतं. तो मान महाराष्ट्राने 2015 साली दिला, राज्य फुलपाखरू ठरवणारं ते देशातलं पहिलं राज्य. गोव्याचं राज्य फुलपाखरू मलबार ट्री निम्फ आहे. पांढरट पंखांवर काळे ठिपके, पश्चिम घाटाबाहेर कुठे मिळत नाही. म्हादईच्या रानात ओढ्याकाठी पंख जेमतेम हलवत झाडांच्या शेंड्यांमधून तरंगत जाताना बघा, मान दुखेपर्यंत वर बघत राहाल.

कुळागरवाल्यांवर माझा राग यासाठी आहे की सगळी फुलपाखरं चोर ठरवायला निघालात. ट्री निम्फची अळी रानातल्या वेलीवर वाढते, कुणाच्या बागेत येत नाही. सदर्न बर्डविंग फुलपाखराची अळी सापसंदाच्या कुळातल्या वेली खाते, त्याही रानातल्याच. एका लिंबू फुलपाखरावरून सगळ्यांना पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे पोस्टवाल्याने पतंगांचं जे केलं तेच. रान तोडलं की ही जातात, आणि ती परत येत नाहीत. लिंबू फुलपाखरू मात्र कुंडीतल्या लिंबावरही जगतं.

कुळागरवाला, फोंडा

चोर मी कुणालाच म्हटलं नाही. अळी पान खाते म्हणून ती चोर, हीच समजूत मोडायला लिहिलं. आणि फुलपाखरांपैकीच हवी असतील तर भाताची पानं खाणारी फुलपाखरंही आहेत. संध्याकाळी घराच्या भिंतीशी घुटमळणारं तपकिरी फुलपाखरू, त्याची अळी भातावर वाढते. माडाच्या झावळ्यांची सुरळी करून आत राहणारी अळीही एका फुलपाखराची. तुमचा ट्री निम्फ रानात आहे तोवर निर्दोष, एवढं मान्य. त्याच्या वेलीची उद्या कुणी लागवड केली तर त्यालाही कीडच म्हणतील.

सत्तरीकर

तुम्ही लोक अळ्या मोजत बसा. आमच्याकडे गवे रात्री शिरतात आणि सकाळी केळीची बाग आडवी. माकडं कोवळे नारळ फोडून खाली टाकतात, एक घोट पितात आणि दुसरा तोडतात. पतंग फळाला टाचणीचं भोक पाडतो म्हणे. माकड आख्खं झाड रिकामं करतं, त्याचं कोण लिहितो? देखणेपणाचा विषय निघालाच आहे तर मोराचंही बोला. 2016 साली गोव्यात मोरालाही उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घालायची भाषा झाली, तेव्हा राष्ट्रीय पक्षी म्हणून देशभर आरडाओरडा झाला. ज्यांच्या मिरचीच्या वाफ्यात मोर कधी उतरला नाही, तेच जास्त ओरडत होते. पिसारा आहे म्हणून माफ.

नेत्रावळीचा भटक्या

रानात खाणी खोदल्या, गव्यांच्या वाटा बंद केल्या, मग गवे बागेत येणार नाहीत तर कुठे जाणार?

सत्तरीकर

खाण मी खोदली नाही. नुकसान मात्र माझं झालं.

वाळपईचा नवा बागायतदार

मला मुद्द्याचं विचारायचंय. माझ्याकडे तोरंज आणि पेरू दोन्ही आहेत, पावसाच्या शेवटी फळं गळतात, वर बारीक भोक आणि दाबलं की रस. म्हणजे हाच रसशोषक पतंग. अळी गुळवेलीवर वाढत असेल तर सोपं आहे, कुंपणावरची सगळी गुळवेल कापून जाळतो. तसा सल्ला संत्र्याच्या बागांसाठीही देतात असं वाचलंय. बरोबर ना?

डिचोलीची माई

गुळवेल जाळायची? आधी तोंड धुऊन ये आणि मग असं काही लिही.

2020 मध्ये, कोरोनात, काय केलं लोकांनी ते विसरलास वाटतं. रस्त्याकडेच्या, देवळामागच्या, शाळेच्या कुंपणावरच्या वेली ओरबाडून नेल्या. मुळासकट. आमच्या अंगणातल्या निंबावर सासूबाईंनी चढवलेली वेल होती, ती रात्रीत कुणी कापून नेली. त्याच सासूबाई तापाच्या माणसाला बोटभर कांडं ठेचून रात्री पाण्यात घालून सकाळी पाजायच्या. माझ्या थोरल्याचा ताप असाच उतरलाय. आता कुठे वेली परत दिसायला लागल्यात तर तुम्ही पेरवासाठी जाळणार. एक पतंग तिच्यावर अंडी घालतो म्हणून वेलीला शिक्षा? हाच तर न्याय कुळागरवाले सकाळपासून धिक्कारतायत ना?

म्हापशाचा डॉक्टर

माई, तुमच्या भावना समजतात, पण ही वेल तितकी निरागस नाही. 2021 साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. वाद कसाही सुटो, ओळख न पटलेली वेल ठेचून रोज पिऊ नका. माझ्याकडे एक रुग्ण डोळे पिवळे घेऊन आला, विचारलं तर कित्येक महिने काढा चालू होता. घरचे म्हणाले, "नैसर्गिकच आहे की."

डिचोलीची माई

सासूबाईंनी रोज कधीच पाजली नाही. तापापुरती, तीन दिवस, तेही माणूस बघून. रोज ढोसायला सांगितलं ते जाहिरातींनी आणि मोबाईलवरच्या वैद्यांनी. त्यांच्या पापाचं खापर आमच्या वेलीवर फोडू नका. आणि ओळखीचं म्हणाल तर आमच्या पिढीतल्या बाईला गुळवेल दाखवावी लागत नाही. हृदयाच्या आकाराचं गुळगुळीत पान, खोडावरची कागदी साल नखाने सोलली की आत हिरवं, आडवं कापलं की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा. गाठी गाठी असलेली ती दुसरी.

म्हापशाचा डॉक्टर

तुम्हाला ओळखता येते, हे मान्य. तुमच्या नातवंडांना येते का? बाजारात पुडीत जे मिळतं त्यात तर पानही नसतं आणि खोडही नसतं. मी रुग्णाला पुडीबद्दल सांगतोय.

डिचोलीची माई

पुडी घेऊ नका, हे मीही सांगते. तेवढ्यापुरतं तुमचं ऐकलं.

सत्तरीकर

माकडं गुळवेल खात नाहीत, नाहीतर तीही आम्हीच लावली असती त्यांच्यासाठी.

कुळागरवाला, फोंडा

वाळपईकर, संत्र्याच्या पट्ट्यात बागेभोवतीची गुळवेल आणि वासनवेल काढायची शिफारस करतात, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर. पण तिथली बाग आणि आपलं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची मिश्र बाग, यात फरक आहे. तिथे मैलोनमैल संत्री. तुमच्या कुंपणापलीकडे वाळपईचं रान आहे, त्यात प्रत्येक दुसऱ्या झाडावर वेल. हा पतंग उडायला दमदार, लांबून येतो. तुम्ही चार वेली जाळल्यात म्हणून त्याच्या पिढ्या थांबणार नाहीत. शिवाय गुळवेल कापून मरते का ते करून बघा. खालून तोडलेली वेल झाडावर लटकत राहते आणि वरूनच दोऱ्याएवढं मूळ खाली सोडते. ते हवेत लोंबत वाढत जमिनीला टेकतं आणि वेल पुन्हा उभी.

त्यापेक्षा फळ पिकायला लागायच्या आधी पिशव्या घाला. तोरंज मोठं असतं, त्याला जुन्या साडीच्या किंवा मलमलीच्या पिशव्या शिवून घेतो मी, तोंड देठाशी घट्ट बांधायचं. पिशवी फळाला चिकटून बसता कामा नये, नाहीतर तो कापडातूनही सोंड खुपसतो. पडलेली फळं रोज वेचून पुरायची, कुजक्या फळाच्या वासावर आणखी येतात. अंधार पडल्यावर झाडाखाली नारळाच्या सोडणांचा धूर करतो, त्यानेही फरक पडतो. आणि टॉर्च घेऊन झाडाखाली उभे राहा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात तांबडे लकाकतात, जाळीने पकडता येतो. तो मारा. त्याला मारू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

वाळपईचा नवा बागायतदार

पिशव्या घालून बघतो. पेरूच्या झाडाला किती पिशव्या लागतील याचा विचार करूनच घाम फुटतोय. वेल ठेवतो, माईंना सांगा.

डिचोलीची माई

वाचलं. पेरूला कागदी पिशव्या चालतात, वर्तमानपत्राच्या. पाऊस ओसरल्यावर घाल.

मयेचा शेतकरी

तुमचं हे सगळं फळबागांना ठीक आहे. मी भाताच्या दहा हजार लोंब्यांना पिशव्या घालू का? माझा सापळा चालू राहणार.

नेत्रावळीचा भटक्या

मयेकर, एकदा सकाळी घमेल्यात काय पडलंय ते नीट बघाल का? माझ्या एका मित्राच्या शेतावर आम्ही पाणी गाळून कागदावर पसरलं होतं. खोडकिडा होता, खोटं बोलत नाही, बऱ्यापैकी होता. पण त्याच्यापेक्षा जास्त होते ते भलतेच किडे. पाणकिडे, भुंगेरे, चतुरांच्या गोतातल्या बारीक टाचण्या. टाचण्या तर खोडकिड्याच्या पतंगाला धरून खाणाऱ्या. तुमचेच मजूर तुम्ही बुडवताय. दिवा रात्रभर ठेवू नका, दहाला बंद करा. खोडकिडा अंधार पडल्यावर लवकरच येतो, उशिरा येणारे बाकीचे तरी वाचतील.

मयेचा शेतकरी

टाचण्या असतात, ते खरं आहे. त्या पतंग खातात हे माहीत नव्हतं म्हणण्यापेक्षा, मी त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही म्हणतो. दहाला बंद करायला हरकत नाही, रॉकेलही कमी लागेल. पण एक ऐका, पुढच्या हंगामात गाभेमर वाढला तर मी इथे येऊन तुम्हाला दोघांनाही जाब विचारणार आहे.

कुळागरवाला, फोंडा

जरूर विचारा. त्याआधी लावणीला माणसं कमी पडली तर सांगा, शेंडे खुडायला आमच्याकडची दोघं-तिघं घेऊन मी येतो. आणि घमेल्यातलं एकदा कागदावर पसरून फोटो टाका, प्रत्येकाचं नाव लावून देतो.

मयेचा शेतकरी

वायंगणाची लावणी डिसेंबरच्या शेवटी आहे. येणार म्हणालात ते लक्षात ठेवतो.